बाबालाल मिस्त्रीचा रुमाल

बाबालाल मिस्त्रीच्या दुकानात फोन आला तेव्हा आमच्या मंगळवार पेठेतल्या सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. आठ वर्षं नंबर लावून बसला होता बिचारा. आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या लक्षात आलं, की हा माणूस फोनवर बोलतच नाही. फोन वाजला की उचलायचा, "कोण? बरं, आलोच" एवढं म्हणून खाली ठेवायचा, पायात चपला सरकवायचा आणि सायकल काढून थेट फोन करणाऱ्याच्या दारात हजर. तिथं जाऊन विचारायचा, "हां, बोला. काय म्हणत हुता?"

एकदा एका गिऱ्हाइकानं पार कोडोलीहून फोन केला. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं, की माझा रेडिओ दुरुस्त झाला का. हा गडी दुपारच्या एस.टी.नं कोडोलीला गेला, "झालाय" म्हणून सांगितलं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत आला. मी ते ऐकलं आणि दोन मिनिटं माझ्या तोंडातून शब्द फुटेना. नंतर जे फुटले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

"अरं मर्दा, गेलासच तर रेडिओ तरी घेऊन जायचास!"

"इसरलो की," तो म्हणाला. "पर तारेवर कसं सांगायचं, शामराव? तार उघडी हाय."

हे त्याचं पालुपद. तार उघडी हाय. कुणी चौकात उभं राहून घरातलं भांडण सांगू लागलं की बाबालाल हळूच त्याचा दंड धरायचा आणि म्हणायचा, "आत चला, तार उघडी हाय." मंगळवार पेठेत हळू बोलणारा हा एकटाच माणूस. बाकी आम्ही सगळे असे, की बायकोला चहा टाक म्हटलं तर पलीकडच्या आळीतली चूल पेटावी. माझा छापखाना बाबालालच्या दुकानाला लागून. लग्नपत्रिका, वह्यांची वेष्टणं, तालमीच्या पावत्या असली कामं. मधे एकच भिंत, तीही अर्धी. माझं ओरडणं दिवसभर त्याच्या कानावर, आणि त्याचं कुजबुजणं मला कधी एकदासुद्धा ऐकू आलं नाही.

फोनची ही धास्ती त्यानं घेतली त्याला कारण होतं. त्या दिवसांत क्रॉस कनेक्शन फार. रिसीव्हर उचलला की भलत्याच दोन माणसांचं बोलणं कानात शिरायचं. फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबालालनं तो नुसता उचलला, तर आमच्याच गल्लीतली एक सोयरीक मोडत होती. मुलीच्या बापाला ते कळायच्या आधी याला कळलं. तो माझ्याकडं आला तेव्हा पांढराफटक पडला होता. पाणी दिलं, प्यायला नाही. "शामराव, मला जे ऐकाय नगं हुतं ते मी ऐकलं," एवढंच म्हणाला. कुणाचं ते मात्र मी तीन दिवस खनपटीला बसलो तरी सांगितलं नाही.

आता त्याच्या घरचं सांगितलं पाहिजे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. जवळचं म्हणावं असं एकच माणूस, थोरला भाऊ इमामभाई. आईबाप लवकर गेले, तेव्हा या थोरल्यानंच बाबालालला अंगाखांद्यावर वाढवलं आणि रेडिओचं काम शिकायला घातलं. पण लग्नानंतर इमामभाईनं पलीकडच्या पेठेत सायकलीचं दुकान टाकलं, तिथल्या पोरांना फुटबॉल शिकवायला लागला आणि तिथलाच झाला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्या पावण्याला सांगून कळायचं नाही. आमच्यात जावई शोधताना सुद्धा आधी विचारतात, की मुलगा कुठल्या संघाचा.

तर एका फायनलला आमची पेठ विरुद्ध त्यांची पेठ. झेंडा घेऊन रेषेवर उभा राहणारा पंच ऐनवेळी आला नाही. दोन्हीकडच्यांनी ठरवलं, बाबालालला उभा करा. तो कुणासाठी खोटं करायचा नाही. शेवटच्या पाच मिनिटांत इमामभाईच्या पोरांनी गोल मारला. त्यांची पेठ नाचायला लागली. आणि बाबालालनं झेंडा वर केला. ऑफसाईड! म्हणजे गोल बाद.

पुढचं काय सांगू? चपला, दगड, नारळाची भकलं, जे हाताला येईल ते मैदानात. त्या गदारोळात इमामभाई मधोमध येऊन उभा राहिला आणि सगळ्या गर्दीसमोर गरजला, "आजपास्नं ह्यो माझा भाऊ न्हाय! मरंस्तवर ह्याच्याशी बोलणार न्हाय!" बाबालालही ओरडला, "मी बी न्हाय!" त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्याला नऊ वर्षं झाली. दोघंही शब्दाला जागले. दोन्ही पेठांना त्याचा काय अभिमान! आमच्याकडं पावणा आला की त्याला बाबालालचं दुकान बाहेरून दाखवायचे. हा बघा, सख्ख्या भावाशी न बोलणारा माणूस.

एक दिवस अर्ध्या भिंतीवरून बाबालालचं डोकं वर आलं. "शामराव, जरा कान द्या." त्यानं वायरला जोडलेला एक रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः पलीकडं जाऊन बोलू लागला. मला काय ऐकू आलं? क्वॅक, गुर्र, च्यँव. बदकं भांडावीत तसं. मग त्यानं माझ्या रिसीव्हरला एक डबा जोडला, आणि त्याच वायरवरून बाबालालचा आवाज स्वच्छ आला, "शामराव, चा घेणार काय?" माझ्या हातातला अक्षरांचे खिळे जुळवायचा चिमटा खाली पडला. जुळवलेली सबंध ओळ विस्कटली, एका नवरदेवाचं नाव जमिनीवर.

"आवाजात जाड आन बारीक असतंय न्हवं?" तो मला समजावू लागला. "ह्यो डबा जाडाचं बारीक करतोय आन बारकाचं जाड. पलीकडचा डबा ते परत जाग्यावर आणतोय. मधी कुणी कान लावला तर नुस्ती कालवाकालव."

रेडिओचे जुने सुटे भाग, ट्रान्झिस्टरचं खोकं आणि वर चपलेच्या कातड्याचं शिवलेलं कव्हर. दोन डब्यांची जोडी, किंमत साध्या सायकलीपेक्षा कमी. "असलं मशीन मिल्ट्रीकडं असतंय म्हणं. पर गुपितं काय मिल्ट्रीलाच असत्यात? घरातल्या माणसाला न्हाईत?" नाव त्यानं ठेवलं 'रुमाल'. जुन्या काळी आमच्या गूळबाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हातात हात घालणार, बोटं दाबून भाव सांगणार, भोवतीच्या पन्नास माणसांना पत्ता नाही. बाबालालचं म्हणणं, हा फोनवरचा तसलाच रुमाल.

मला वाटलं, माणूस लखपती होणार! मी स्वतःच्या खर्चानं पाचशे हँडबिलं छापली. 'घरोघरी रुमाल! आपले बोलणे आपल्याच माणसाला!' गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, जा, देवळाच्या महाद्वारात उभा राहून वाट. तो माझ्याकडं असा बघू लागला, की मीच काही अभद्र बोललो.

"गुपिताच्या वस्तूची जाहिरात उघड्यावर वाटायची?"

मग त्यानं काय करावं? एकेक हँडबिल पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, फोन असलेल्या घरी सायकलवरून जायचं. मालकाला आत नेऊन ते वाचायला द्यायचं. आणि वाचून झालं की परत मागून घ्यायचं! पाचशेपैकी चारशे नव्याण्णव हँडबिलं आजही माझ्या माळ्यावर आहेत. एक तेवढं पावसात भिजलं.

गिऱ्हाईक मिळालं ते एकच, गुळाचे अडते बापूसाहेब. रुमालाखालचे सौदे स्वतः केलेला म्हातारा, त्यांना कल्पना तिथल्या तिथं पटली. एक डबा शाहूपुरीतल्या पेढीवर, दुसरा चार गल्ल्या पलीकडच्या त्यांच्या गोदामात. पहिल्या दिवशी मी आणि बाबालाल मुद्दाम हजर. बापूसाहेबांनी डबा चालू केला, रिसीव्हर कानाला लावला, चपलेच्या वासानं नाक मुरडलं. आणि छातीभर श्वास घेऊन ते जे बोंबलले, "आरं ए भैरूऽऽ! भाव चढणार हाय! आपला माल आज काढायचा न्हाय! कुणाला सांगू नगंसऽऽ!"

तारेवर सगळं गुपित राहिलं. बाबालालनं स्वतः तपासलं, कालवाकालव एकदम उत्तम. पण रस्त्यावर बारा अडते उभे होते, त्या बाराही जणांनी आपापला माल आत घ्यायला हमाल पळवले. बापूसाहेब आ वासून बघत राहिले. बाबालाल त्यांना म्हणाला, "मालक, हळू बोलायचं हुतं." बापूसाहेब म्हणाले, "फोनवर? हळू? मग पलीकडं जाणार कसं?" आणि डबे परत केले. मी घरी येऊन कपाळावर बाम लावून झोपलो.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग एका सकाळी फोन खात्याचे साहेब दुकानात आले, तेही दोन माणसं घेऊन. खात्याच्या तारेला परवानगीशिवाय काही जोडायचं नाही, हा नियम. पण साहेबांचं तेवढंच म्हणणं नव्हतं. रोज दुपारी तीन वाजता तुमच्या तारेवर विचित्र आवाज येतात, म्हणाले, गेलं दीड वर्ष. फोनला जोडलेला हा डबा इथं. याच्या जोडीचा डबा कुणाकडं आहे?

बाबालाल डब्याच्या कातडी कव्हरावरून बोट फिरवत राहिला.

"मटक्याचे आकडे कळवता काय?"

मी उडालोच! बाबालाल आणि मटका? जो माणूस पत्त्याच्या डावाला सुद्धा बसत नाही! मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, की साहेब विचारतोय ते बरोबरच आहे. बापूसाहेबांनी डबे परत केले, दुसऱ्या एकानंही घेतले नाहीत. मग हा दीड वर्ष बोलतोय कुणाशी? तीन वाजता सगळी पेठ जेवून आडवी झालेली असते, तेव्हा याच्या दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असायचं. आम्ही समजायचो, डुलकी काढत असेल.

साहेबांनी त्याला दुपारी जबाब द्यायला कचेरीत बोलावलं. जोडीदाराचं नाव सांगा आणि डबा जमा करा, नाहीतर उद्या फोन तोडतो. साहेबांची पाठ वळली आणि गल्लीत दोन तट पडले. निम्मे म्हणाले मटका, निम्मे म्हणाले बाई. समोरची गिरणीवाली हौसाक्का तर म्हणाली, "बाईच. एवढं हळू बोलतोय म्हंजे बाईच." मला असा संताप आला, की मी तिच्या गिरणीत टाकलेलं आमचं दळण परत आणलं.

कचेरीत जाताना बाबालालनं मला दुकानात बसवलं. "फोन वाजला तर वाजू दे, शामराव. हात लावायचा न्हाय."

तीन वाजले. फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. चौथ्यांदा वाजला तेव्हा माझं डोकं फिरलं. आठ वर्षं थांबून मिळालेला फोन ज्या कुणापायी जाणार आहे, त्याला चार शिव्या घालाव्यात म्हणून मी डबा चालू केला आणि रिसीव्हर उचलला.

"बाबू? किती येळ रं? जीव टांगणीला लागला की."

इमामभाई! इमामभाईचा आवाज! तोंडातून कसाबसा "हूं" निघाला. डब्यातून सगळ्यांचेच आवाज थोडे पत्र्यासारखे येतात, त्याला काही संशय आला नाही.

"मोठ्यानं बोल बाबा. ह्यो डबा आवाज वाढवतोय म्हणून तुझं ऐकू तरी येतंय, न्हाईतर माझं कान आता गेल्यातच जमा. जेवलास? का परत चा-बटरवर भागवलंस?"

"हूं."

"रोज सांगतो, आज बी सांगतो. त्यो गोल ऑफसाईडच हुता, बाबू. आमचा गडी चार पावलं म्होरं हुता, माझ्या डोळ्यांदेखत. तू झेंडा वर केलास ते बरोबर केलंस. खरं असंल त्येच करायचं, हे मीच शिकवलंतं तुला. आन मीच चारचौघांत तुला..." मग म्हणाला, "आज का गप? रोज म्हणतोस की, सोड भाई म्हणून."

रागावलेला माणूस मी, शिव्या घालायला फोन उचललेला. "सोड भाई," मी म्हणालो आणि रिसीव्हर खाली ठेवला.

बाबालाल परत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. भाईचा रेडिओ दुसऱ्याच्या नावानं दुरुस्तीला आला होता, त्याच्याच पोटात, भाईच्या दुकानातल्या फोनला लावायचा डबा घालून यानं परत पाठवला होता. रुमाल बनवला होता तो भाईशी बोलण्यासाठीच. बाकीचं दुकानदारीचं सगळं सोंग.

"मग साहेबाला सांग की! भावाशी बोलतो म्हणून सांग!" मी किंचाळलो.

"आन त्यांच्या पेठेत कळलं म्हंजे? भाईनं सबंध मैदानासमोर शब्द दिलाय. शब्द मोडला म्हणतील. त्यात ऑफसाईडचं कळलं तर त्याला तिथं कोण राहू देणार? ह्या वयात त्यानं कुठं जायचं?"

"अरे, तुझा फोन जाईल! मग एक अक्षर बोलता यायचं नाही!"

"जाऊ दे," तो म्हणाला. आणि हा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस माझ्यासमोर तोंडावर पंचा धरून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पक्कड घेतलेला माणूस घेऊनच आले. मी त्यांना ओढत छापखान्यात नेलं आणि कानात सगळं सांगितलं, फक्त ऑफसाईडचं सोडून. साहेब कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. "ती फायनल मी बघितली होती," म्हणाले. मग उठून त्यांनी कागदावर लिहिलं, की मिस्त्रींनी हौसेखातर प्रयोग केला, दुकानातले डबे जप्त, फोन राहू द्यावा. मला वाटलं, बाबालाल त्यांचे पाय धरेल. त्यानं जाणाऱ्या डब्यांकडं बघितलं आणि मला हळूच म्हणाला, "शामराव, जोडी मोडली, भाईकडचा डबा बी आता बेकाम. आन डब्याबिगर भाईला ऐकू जात न्हाय. आता वरडून बोलायचं. म्हंजे सगळ्या गल्लीला सांगायचं."

आणि आता माझी कबुली. माझ्या पोटात काही राहत नाही. आदल्या संध्याकाळीच मी बायकोला सांगून बसलो होतो, की भाऊ भाऊ बोलतात. तिनं फक्त हौसाक्काला सांगितलं. सकाळी दहाला गल्लीच्या त्या टोकाला माहीत झालं.

दुपारी तीनला गल्लीत एक माणूस झोपलेला नव्हता. हौसाक्का पिठानं माखलेल्या हातांनी गिरणीच्या दारात. पत्र्याचे डबे करणारा दत्तू हातोडी घेऊन कट्ट्यावर. सगळी दारं, सगळ्या खिडक्या उघड्या, आणि मंगळवार पेठेत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. नऊ वर्षं ज्या शब्दाचा अभिमान मिरवला तो मोडताना बघायला आलेले सगळे. हे माझ्यामुळं झालं होतं.

फोन वाजला.

बाबालालनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि बाहेर बघितलं. एकेका तोंडाकडं बघितलं. शेवटी माझ्याकडं. कुणी सांगितलं हे त्याला कळलं. त्याचा हात तिथंच राहिला, फोन वाजतच राहिला. मला काहीतरी ओरडावंसं वाटलं, पण जन्मात पहिल्यांदाच मला ओरडायला काही सुचेना. मी वळलो, छापखान्यात गेलो आणि मशीनच्या पायट्यावर पाय दिला. खडाक खट, खडाक खट. पायानं चालवायचं जुनं मशीन ते, आवाज भयंकर. मी अंगात आल्यासारखा पाय मारू लागलो.

क्षणभर काहीच झालं नाही. मग समोर हौसाक्काच्या गिरणीचा पट्टा फटफटला आणि गिरणी घरघरायला लागली. दत्तूनं एक कोरा पत्रा पुढं ओढला आणि त्याच्यावर हातोडी चालवली. कुणी पंप मारून स्टोव्ह पेटवला, कुणी पोराला विनाकारण मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. माणसं दारातून आत गेली आणि ज्याच्या घरात जे वाजण्यासारखं होतं ते वाजवू लागली.

अर्ध्या भिंतीवरून मला बाबालाल दिसत होता. त्यानं रिसीव्हर उचलला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तो जीव खाऊन ओरडत होता, आणि मला, चार हातांवर उभ्या असलेल्या मला, त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझा गुडघा ठणकायला लागला. बायको मागच्या दारानं धावत आली, "अहो, एवढी कुणाची पत्रिका छापताय?" मी मानेनंच गप म्हणून खुणावलं. तिनं मशीनकडं बघितलं. त्यात कागद लावलेला नव्हता. तशी ती पदर खोचून मागं गेली, सकाळीच घासून पालथी घातलेली तांब्याची घागर उचलून दगडावर आपटली आणि परत घासायला बसली.